घरच्यांना टेप लावायचा नाही

गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या दुकानात, तीन पिढ्या कपडे शिवणारं एक घर होतं. आसपासच्या निम्म्या पुरुषांच्या कमरा त्या घराला तोंडपाठ होत्या. कोणाचा उजवा खांदा उतरलाय, कोणाचा एक पाय बोटभर आखूड आहे, कोण पोट आत ओढून माप देतो आणि आठ दिवसांनी पँट घट्ट झाली म्हणून भांडायला येतो, सगळं ठाऊक. पण त्या घराचा एक नियम होता. घरच्या पुरुषांना टेप लावायचा नाही.

दुकान आता ताई चालवायची. ताई ती धाकट्या भावाची. पण मग गिऱ्हाईकं ताई म्हणायला लागली, आणि शेवटी समोरचा घड्याळवालासुद्धा, जो तिच्याहून वीस वर्षांनी मोठा होता. वय बावन्न. लग्न राहून गेलं होतं. कोणी विचारलंच तर म्हणायची, "झालं की, या मशीनशी," आणि पाय चालवायला लागायची. विचारणारा पुढचा प्रश्न गिळून टाकायचा.

नियम कसा आला, ते ऐकण्यासारखं आहे. ताईच्या आजोबांनी जन्मभर लोकांचे कोट शिवले. एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांना वाटलं, आपलाही एक असावा. आपल्या हातानं आपली छाती मोजली, कंबर मोजली, कच्चे टाके घातले, आणि तो कोट एकदा अंगावर चढवून बघण्याआधी दुकानातच बसल्या जागी गेले. तेव्हा कोणी काही नियम केला नाही. माणसं जातात. पण मग ताईच्या वडिलांनाही चव्वेचाळिसाव्या वर्षी कोटाची हौस आली. थोरला मुलगा तेव्हा वीस वर्षांचा, नुकता कापायला शिकलेला. त्यानं मोठ्या ऐटीत बापाचं माप घेतलं. सतराव्या दिवशी बाप गेला. कोटाला एकच बाही लागली होती.

तेव्हा ताईची आजी उठली, खिळ्यावरचा टेप मुठीत गोळा केला आणि म्हणाली, "आजपासून आपल्या पुरुषांना हा लावायचा नाही."

दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. आजीचं तर दोनदा पोळलं होतं. तिला कोण काय बोलणार?

आता शिवणाऱ्याच्या घरात माप न घेता कपडे करायचे म्हणजे पोहणाऱ्यानं कोरडं राहायचं. पण बायकांना अक्कल असते. गेलेल्या बापाची शेवटची पँट आजीनं उसवली, तुकडे कागदावर पसरले, कडेनं खडू फिरवला आणि कागद कापून घेतला. त्या कागदावरून थोरल्याची पँट कापली, अंदाजानं लहान करून. पुढे थोरल्याची जुनी झाली की ती उसवायची, तिच्यावरून नवी कापायची, आणि कमरेला दोन बोटं वाढवायची. पुरुषाचं अंग भरतंच, दोन बोटं वाढवावीच लागतात. वाढवायची म्हणजे कमरेच्या कागदी पट्टीला दोन बोटांचा तुकडा चिकटवायचा, पुढच्या वेळी आणखी एक. धाकटा मोठा झाला तशी त्याचीही वेगळी पट्टी झाली. दुकानाच्या दाराआड एका खिळ्यावर बापाचा आणि दोन मुलांचा कागद लोंबकळत असायचा. कोणाची कंबर किती, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक नसावं म्हणून तर एवढा खटाटोप.

थोरला हसरा होता. नियमाला हसायचा आणि नियम पाळायचाही. बेचाळिसाव्या वर्षी, भर दुपारी, दुकानातून वर जेवायला जाताना नवव्या पायरीवर बसला तो बसलाच. त्याच्या अंगावरची पँट ताईनं आदल्याच आठवड्यात सैल करून दिली होती.

टेप तर त्याला उभ्या जन्मात लागला नव्हता. मग आता नियमाचं काय करायचं? आजी तोवर गेलेली होती. नियम आईकडे आला होता, सुनांकडे घरच्या किल्ल्या येतात तसा. आईनं चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी तिला सापडलं. महिन्यापूर्वी थोरला स्टेशनवरच्या वजनकाट्यावर उभा राहिला होता, गंमत म्हणून. मोजणं ते मोजणंच. भ्यालेल्या माणसाला कारण नाही सापडलं असं कधी होत नाही. तेव्हापासून नियम लांबला. टेपच्या जोडीला वजनकाटा आला, प्रेशरचा पट्टा आला, रक्त काढायची सुई आली. धाकटा शाळेची बस चालवायचा. त्याच्या लायसनला डॉक्टरचा कागद लागायचा. तो ओळखीतून, बाही वर न करताच कागद आणायचा.

ही गोष्ट चालली आहे तेव्हा धाकटा त्रेचाळीस ओलांडून गेलेला होता. थोरल्याच्या पुढे गेला होता, बापाच्या मागे होता.

धाकट्याचं खाणं मन लावून, बोलणं त्याहून मन लावून. दिवसभर बसून गाडी चालवायची, मधल्या वेळात बसून गप्पा मारायच्या. स्टिअरिंग पोटाला लागायला लागलं तेव्हा त्यानं सीट मागे सरकवली. सीट सरकेना तेव्हा पाठीची उशी काढून टाकली. आणि दर पाच-सहा महिन्यांनी एक पँट काखेत मारून दुकानात हजर व्हायचा.

"ताई, ही आटली बघ धुण्यात."

"साबण वाईट असतील," ताई म्हणायची.

खरं म्हणजे हे 'आटली' पहिल्यांदा ताईनंच काढलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी, नव्या नवरीसमोर त्याचं बटण तटकन उडालं तेव्हा पोरगा लाजेनं लाल झाला होता. बहिणीला राहवलं नाही. म्हणाली, कापडच असलं आहे, आटतं. त्यानं तो शब्द उचलला आणि ठेवून दिला. तेव्हापासून त्या घरात माणूस कधी वाढला नाही, कापडच आटत राहिलं. ताई शिवणीतली माया, आत दुमडलेलं जादा कापड, उसवायची, बोट-दोन बोटं सोडायची, इस्त्रीनं जुनी खूण पुसायची. पुसायच्या कामात तिचा हात फार चांगला होता.

पण कानाला इस्त्री करता येत नाही. कपडे देऊन झाले की धाकटा वर आईला भेटायला जायचा. जिन्याला सतरा पायऱ्या. तो पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा आणि खाली ताईची मशीन थांबायची. ती मोजायची. सात, आठ, नऊ. आणि मग वरून आवाज यायचा बंद. वडीलही तिथेच थांबायचे. हटकलं की म्हणायचे, चपलेचा अंगठा निघाला. थोरला थांबायचा आणि म्हणायचा, "कोणी हाक मारली का मला?" मग घरातली सगळी एकमेकांकडे बघायची, कारण हाक कोणीच मारलेली नसायची. धाकट्याच्या हातात मोबाईल असायचा. "काय रे, काय झालं?" ताई खालून विचारायची. "काही नाही, मेसेज बघतोय." मग दहा, अकरा. सतरा झाल्या की ताईचा पाय पुन्हा मशीनवर.

कधी कधी जिन्यावर कोणी नसतानाही तिला नऊ पायऱ्या ऐकू यायच्या. दहावी यायची नाही. ती सुई कापडातच ठेवून बसून राहायची.

शाळा उघडायच्या आधी धाकट्याची बायको मुलीला घेऊन युनिफॉर्मच्या मापाला आली. मुलगी चौदा वर्षांची. मुलींना नियम नव्हता. मुलींचं काय, त्यांना कोण धरतंय. ताईनं केस बाजूला करून गळ्याचं माप घेतलं आणि तिचा हात तिथेच राहिला. मानेवर मागे काळसर पट्टा होता, मखमलीसारखा, आणि कडेनं कातडी लाल झालेली.

"घासून घासून हात मोडले माझे," भावजय म्हणाली. "नीट आंघोळच करत नाही ही."

"करते मी," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आई दगडानं घासते."

ताईनं असल्या माना पाहिल्या होत्या. कॉलर लावणारा माणूस मान विसरत नाही. वडिलांची तशी होती, थोरल्याची तशी होती, धाकट्याची आहे. घरात म्हणायचे, आपल्या घराण्याची मानच सावळी.

बाजूला स्टुलावर नर्सबाई बसली होती. गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यातली, कोटाची बटणं बदलून घ्यायला आलेली. तीस-बत्तिशीची, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "घासू नका हो तिला. तो मळ नाही."

"मग काय आहे?"

"आतून येतं. नेहमीच काही असतं असं नाही, पण रक्तातली साखर बिघडायच्या वाटेवर असली की पुष्कळदा मान अशी दिसते. घरात कोणाला शुगर आहे?"

भावजयीनं ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "कोणाची मोजलेली नाही."

"प्रेशर?"

"नाही मोजलेलं."

"बरं घर आहे," नर्सबाई म्हणाली, "इथे कोणाला काहीच नाही."

भावजय मुलीला घेऊन गेली. नर्सबाई बटणांसाठी थांबली होती, तिची नजर दाराआडच्या खिळ्याकडे गेली. उठून तिनं कागद हातात घेतले. "हे एकाच गिऱ्हाइकाचे का हो ताई? जुना दिसतोय. पोट सुटत चाललंय बिचाऱ्याचं."

ताईनं ओठांतल्या टाचण्या काढून गादीला टोचल्या. "तिघांचे आहेत."

"तिघांचे?" तिनं कमरेच्या पट्ट्या सोडवून एकीवर एक धरल्या. एक पट्टी अखंड होती. उरलेल्या दोन जोडांच्या, प्रत्येक जोड वेगळ्या कागदाचा, कुठे तपकिरी, कुठे वर्तमानपत्र, कुठे कॅलेंडरचं पान. नर्सबाईनं जोड मोजले. एकीला अकरा. दुसरीलाही अकरा. आणि तिन्ही पट्ट्या अगदी एकाच जागी संपत होत्या, नखाइतकाही फरक नाही.

"हे कोण?"

"वडील. थोरला भाऊ. धाकटा भाऊ."

"आता कुठे असतात?"

"धाकटा शाळेची बस चालवतो."

नर्सबाईनं पट्ट्या हळूच परत खिळ्याला अडकवल्या, कोणाला जाग येईल अशा बेतानं. "दोघं किती वर्षांचे होऊन गेले?"

ताईनं सांगितलं. आजोबांचंही सांगितलं. कोट, बाही, काटा, सगळं. इतक्या वर्षांत बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा.

"म्हणजे तुम्ही शाप मानता."

"शाप नाही म्हणत आम्ही," ताई म्हणाली. "आम्ही काहीच म्हणत नाही."

"मग मी म्हणते. ऐका. कंबर सुटते, प्रेशर थोडं चढतं, साखर थोडी चढते, रक्तात चरबी थोडी वाढते. एकेक वेगळं बघितलं तर माणूस म्हणतो, एवढं काय. पण ही चौघं एकत्र राहायला आली की हृदयाच्या नळ्या लवकर खराब करतात. चाळिशीतच. आणि हे घराण्यात चालतं. निम्मं रक्तातून येतं, निम्मं एका ताटातून. टेपनं कोणाला मारलं नाही हो. टेप वेळेवर लावला असता तर कदाचित..."

ती थांबली. फटकळ बाईलाही कुठे थांबायचं ते कळलं. पण ताईनं उरलेलं वाक्य ऐकलं होतं. वीस वर्षं तिच्या बोटांखालून पट्टी लांबत गेली होती. तिनंच डिंक लावला होता, तिनंच दाबून धरला होता. मोजू नये म्हणून जो कागद केला, त्यानं सगळं मोजून ठेवलं होतं. फक्त वाचलं कोणी नव्हतं.

"आणि तुमचं काय?" जाता जाता नर्सबाईनं विचारलं. "तुम्ही तपासलंत कधी?"

"मला काय धाड भरलीय? आमच्यात हे पुरुषांना असतं."

"रक्ताला काय कळतं, ते पुरुषाच्या अंगात आहे की बाईच्या? जिना चढताना धाप लागते?"

"दिवसभर बसून काम. लागणारच."

"हं," नर्सबाई म्हणाली. असं 'हं' फक्त दवाखान्यातली माणसं म्हणतात.

त्याच आठवड्यात धाकटा पँट घेऊन आला. "ताई, ही आटली बघ."

ताईनं पँट घेतली नाही. "आटली नाही. तू वाढलास."

धाकटा हसला. ताई हसली नाही.

"वीस वर्षं वाढतोयस. मीच झाकत आले. वडील, थोरला आणि तू, तिघांची पट्टी आता एक झालीय. जा, तपासून घे. प्रेशर, रक्त, सगळं."

त्याचा चेहरा असा झाला, की भर रस्त्यात कोणी त्याचे कपडे ओढले असावेत. "तू म्हणायचीस साबण वाईट."

"खोटं बोलायचे."

"मग तेच बोल," तो म्हणाला. "माझी तारीख काढायची आहे का तुला? त्या दोघांना मोजलं म्हणून समाधान झालं नाही?" पँट कटिंगच्या टेबलावर टाकून तो निघून गेला. त्या दिवशी वर आईकडे गेला नाही. पुढे महिनाभर गेला नाही.

आईला सगळं वर ऐकू गेलं होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिचे कान अजून मांजरासारखे. "कशाला डिवचलंस त्याला? दोघांना मोजलं, दोघं गेले."

"आणि थोरल्याला मोजलं नाही, तोही गेला."

"तो काट्यावर उभा राहिला होता."

"आई, स्टेशनवर त्या काट्यावर रोज शंभर माणसं उभी राहतात. ती कुठे गेली?"

"त्यांच्या घरची त्यांना ठाऊक," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. जागी होती. झोपलेल्या माणसाची पाठ इतकी ताठ नसते.

आठ दिवसांनी एका सकाळी उपाशीपोटी ताईनं दुकानाला कुलूप घातलं आणि गल्लीच्या टोकाला गेली. दवाखान्यात नर्सबाईनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर टेप काढला आणि ताईच्या कमरेला लावला. जन्मभर ताईनं दुसऱ्यांना टेप लावला होता. तिच्या अंगाला तो आज पहिल्यांदा लागत होता. तिचे कपडे सैलसर, खांद्यावरून सरळ खाली पडणारे, ते ती डोळ्यांच्या अंदाजानं कापायची. तिची पट्टी खिळ्याला कधी लागलीच नव्हती.

रिपोर्ट आला तो वाईट आला. साखर, प्रेशर, चरबी, सगळंच चढलेलं. डॉक्टरनं छातीची पट्टी, ईसीजी, काढली, पुन्हा काढली, आणि गोळ्या लिहून दिल्या. म्हणाला, "बरं झालं आलात. पण फार वर्षांनी आलात."

ताई घरी आली, गोळ्या टाचण्यांच्या डब्याखाली ठेवल्या आणि वाट बघायला लागली. कशाची, ते तिला सांगता आलं नसतं. मापानंतर सतराव्या दिवशी वडील गेले होते. अडाणी नव्हती ती, नर्सबाईचं सगळं तिला पटलं होतं. पण पटणं डोक्यात असतं आणि भीती पोटात, आणि मधे जिना असतो. बाराव्या दिवशी तिनं एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. सतराव्या दिवशी सकाळपासून ती मशीनवर बसून होती. दुपार झाली. संध्याकाळ झाली. घड्याळवाल्यानं दुकान बंद केलं. ताई होती तशीच होती, फक्त भूक लागली होती.

विसाव्या दिवशी भावजय युनिफॉर्म न्यायला आली. टाचणी घ्यायला डबा उचलला, तिला गोळ्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडून धाकटा बस घेऊनच गल्लीच्या तोंडाशी आला.

"तू मोजून घेतलंस?" दारातूनच विचारलं त्यानं.

"घेतलं."

"कधी?"

"आज एकविसावा दिवस."

तो बहिणीकडे बघत उभा राहिला. गेलेलं माणूस दारात उभं दिसावं तसा बघत होता. मग स्टुलावर बसला. स्टूल करकरलं.

"काही झालं नाही तुला?"

"झालंय की. शुगर आहे, प्रेशर आहे, चरबी आहे. ते आधीपासूनच होतं. आता नाव कळलं एवढंच."

धाकट्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाला, "एकशेबारा दिवस राहिलेत ताई."

"कशाला?"

"वडिलांएवढा व्हायला. थोरल्याच्या वेळीही मोजले होते. ज्या दिवशी त्याच्यापुढे गेलो त्या दिवशी रस्त्यात गाडी बाजूला घेऊन रडलो. आत चाळीस पोरं होती. म्हटलं, डोळ्यात कचरा गेला." तो हसायला गेला, जमलं नाही. "पाठीवर झोपवत नाही मला. उशा लावून बसून झोपतो. जिन्यात मेसेज बघत नाही मी. मोबाईल बंदच असतो."

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली.

सगळ्या घरात मोजण्याची बंदी, आणि हा माणूस रोज सकाळी उठून एक दिवस कमी करत होता. ताई उठली. दुकानाचं दार ओढलं. "चल. तुझ्या बसमधून चल. मला तरी चालवत नाही आता."

दवाखान्यात खिडकीमागच्या पोरीनं फॉर्म पुढे ओढला. वडील आहेत? गेले. कशानं? 'कोटानं' असं धाकट्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. मग तो म्हणाला, "हार्टनं. चव्वेचाळिसाव्या वर्षी." भाऊ? "हार्टनं. बेचाळीस." आजोबा? "तेही. एक्केचाळीस." पोरीचं पेन थांबलं. तिनं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं हे तिन्ही आकडे घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होते. आज एका रेघेत बसले, आणि बसल्यावर त्यात न समजण्यासारखं काही उरलं नाही.

सरकत्या पट्ट्यावर चालायला लावून हृदय तपासायला घेतलं, तिसऱ्या मिनिटाला त्याला थांबवलं. चौथ्या दिवशी मनगटातून नळी घालून हृदय बघितलं. दोन नळ्या अरुंद झालेल्या, त्यातली एक जवळजवळ बंद. तिच्यात स्टेंट घातला. बाहेर आल्यावर डॉक्टर ताईला म्हणाला, "यांना इथपर्यंत कोणी आणलं?"

"स्वतःच आला," ताई म्हणाली. "गाडी चालवत."

डॉक्टरनं डोक्याला हात लावला. महिनाभरानं आला असता तर आपली ओळख झाली नसती, असं म्हणाला आणि पुढच्या खोलीत गेला.

आईनं मुलाचं मनगट उलटसुलट करून पाहिलं. नर्सबाईनं संधी साधून तिचंही प्रेशर बघितलं. तिशीतल्या बाईसारखं निघालं. "मी बाहेरच्या घरातून आलेली ना," आई म्हणाली, "म्हणून वाचले." नियमाबद्दल पुन्हा काही बोलली नाही. मोडला असंही म्हणाली नाही. घरातले बरेचसे नियम असेच जातात, न सांगता.

मुलीची मान घासणं बंद झालं. तिच्या रक्तात साखर अजून चढलेली नव्हती, चढायच्या बेतात होती. बापलेक सकाळी चालायला जायला लागले. बाप पुढे, लेक मागे तोंड पाडून. महिन्याभरात लेक पुढे आणि बाप मागे.

पण सगळं छान झालं असं म्हणायला ताई तयार नव्हती. धाकट्याचा स्टेंट ज्या दिवशी बसला, त्या दिवसापासून थोरला तिच्याजवळ जास्त यायला लागला. शिवताना मान वर केली की तो कटिंगच्या टेबलापाशी. त्याच्या अंगावर ती शेवटची पँट असायची, कमरेला सैल, कुठे आवळत नाही अशी. तिनं ती फार छान सैल केली होती. एकदा तरी घट्ट करून दिली असती, एकदा तरी म्हटलं असतं की अरे, तू वाढलास, तर. हा 'तर' तिनं कोणाला सांगितला नाही. नर्सबाईला सांगावासा वाटला, पण त्या दिवशी ती घाईत होती.

एकशेतेराव्या दिवशी धाकट्यानं सुट्टी काढली. सकाळीच दुकानात येऊन स्टुलावर बसला. बोलेना, पेपर वाचेना. गिऱ्हाईकं आली, गेली. एकानं विचारलं, "नवा माणूस ठेवलात का ताई?" ताई म्हणाली, "जुनाच आहे. टिकतो का बघतेय." धाकटा हसला तेवढाच. दिवे लागल्यावर उठला, "येतो" म्हणाला आणि गेला. बापापेक्षा एक दिवसानं मोठा होऊन गेला.

त्यानंतर दीड वर्ष गेलं असेल. एका दुपारी तो गोळ्यांची पट्टी मुठीत धरून आला. तोंड उतरलेलं.

"ताई, संपलं. डोळ्यांत उतरली शुगर. अक्षरं दिसेनात."

ताईनं मशीन थांबवली. "रस्ता दिसतो?"

"रस्ता दिसतो. सिग्नल दिसतो. हे वाचता येत नाही." त्यानं पट्टी नाकाजवळ धरली.

"लांब धर बघू. हात ताणून."

त्यानं धरली. थोडं दिसलं. आणखी ताणला, हात संपला.

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. आजोबा, वडील, थोरला, तिघंही शेवटच्या दिवसापर्यंत सुईत दोरा ओवत होते, दिवा न लावता. या घरातल्या पुरुषांचे डोळे कितव्या वर्षी अधू होतात, हे सांगायला कोणी राहिलंच नव्हतं. तिनं आपल्या नाकावरचा चष्मा काढला आणि त्याच्या नाकावर ठेवला.

धाकट्यानं पट्टी पुन्हा वर उचलली. गोळीचं नाव वाचलं, अक्षर अक्षर लावत. मग पट्टी उलटी करून खालची बारीक तारीख वाचायला लागला.

"अजून दोन वर्षं आहेत," तो म्हणाला.

"कोणाला?" ताईनं दचकून विचारलं.

"गोळ्यांना."

"मग वेळेत संपव," ताई म्हणाली. "आणि दे तो चष्मा इकडे, काज अर्धं राहिलंय माझं. उद्या तुझा तू करून घे."